काळजाची साक्ष

वकिली करणाऱ्या मनुष्याच्या मनात मानवी स्मृतीविषयी फारसा आदर उरत नाही. गेली वीस वर्षे मी वडोदऱ्याच्या न्यायालयांत वावरत आहे. त्यांतील बराचसा काळ सुरसागर तलावाजवळील न्यायमंदिरात गेला. ती भव्य वास्तू मुळात मंडईसाठी म्हणून उभी राहिली आणि पुढे न्यायदानाच्या कामी आली. त्यामुळे भाजीचा भाव आणि सत्याचा भाव ठरविण्याची जागा एकच, अशी थट्टा आम्ही तरुण वकील आपसात करीत असू. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्यातील नव्या इमारतीत गेली. वास्तू बदलली, साक्षीदार मात्र होता तसाच राहिला. शपथ घेऊन, मनात कसलेही कपट नसताना, अत्यंत प्रामाणिकपणे तो खोटे सांगतो. भांडण दिवेलागणीपूर्वी झाले की नंतर, आरोपी दारातून आला की गल्लीच्या तोंडाशी उभा होता, यांपैकी काहीही त्याला धड सांगता येत नाही. आणि जे तो छातीठोकपणे सांगतो तेच पुष्कळदा चुकीचे निघते. उलटतपासणीची विद्या मुख्यतः या मानवी दौर्बल्यावरच पोसलेली आहे, हे आम्ही वकील मनातल्या मनात जाणून असतो.

तथापि शब्दांच्या साक्षीखेरीज आणखी एक साक्ष न्यायालयात होत असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमात असे सांगितले होते की, साक्ष नोंदविताना साक्षीदाराच्या एकंदर आविर्भावाविषयी न्यायाधीशास महत्त्वाचे वाटेल ते त्याने टिपून ठेवावे. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे, आणि दिवाणी संहितेतही तिचे भावंड आहेच. व्यवहारात तिचा उपयोग क्वचित होतो. फार तर ‘साक्षीदारास रडू आले, सबब पाणी देण्यात आले’ एवढे एखादे वाक्य कागदावर उतरते. वाटणीचा एक दावा मला आठवतो. एका वृद्ध विधवेची साक्ष चालली होती. घर कोणत्या साली विकले, कागदावर सही कोणाची, दीर वेगळा केव्हा झाला, कशाचेच उत्तर तिला देता येईना. मग भांड्याकुंड्यांची यादी वाचली जाऊ लागली. तपेली, पराती, समया, ती निर्विकारपणे होकार देत होती. ‘तांब्याचे घंगाळ, नग एक’ असे शब्द आले मात्र, आणि बाईंनी पिंजऱ्याची कड घट्ट धरली. चेहरा पांढरा पडला, श्वास लागला, त्यांना बसावे लागले. विरुद्ध बाजूच्या विद्वान वकिलांनी हे नाटक आहे असे मोठ्याने म्हणून घेतले. पुढे ओसरीत कळले की, तिचा एक मुलगा तान्हेपणीच गेला होता आणि त्याला न्हाऊ घालीत ते त्या घंगाळात. पन्नास वर्षांमागची गोष्ट! तिला साल सांगता येत नव्हते, महिना सांगता येत नव्हता. निकालपत्रात घंगाळ आहे. बाईंनी धरलेली पिंजऱ्याची कड नाही.

आपल्या भाषेने मात्र या दुसऱ्या साक्षीची दखल फार पूर्वीच घेतलेली दिसते. आठवणीने ऊर भरून येतो, छातीत धस्स होते, काळजात कळ उठते, अंगावर काटा उभा राहतो, पोटात तुटते. बुद्धीने आठवावयाच्या गोष्टीसाठी आपण ‘डोक्यात ठेव’ म्हणतो. पण जी आठवण आपल्याला सोडीत नाही तिचा मुक्काम आपण डोक्यात सांगत नाही. कोंकणीत तिला उगडास म्हणतात, आणि हा उगडासही काळजालाच जाऊन भिडतो. आता काळीज म्हणजे नेमके काय हा प्रश्न निराळा. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते, हृदय नव्हे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने आपली भाषा थोडी ढिसाळ आहे खरी. पण संस्कृतात स्मर या एकाच शब्दाने स्मृती आणि मदन या दोहोंचा बोध होतो, हे पाहिले म्हणजे वाटते की भाषा करणारांना मनुष्याची परीक्षा चांगली होती.

आधुनिक शास्त्राने या बाबतीत जे दाखविले आहे ते भाषेला खोटे पाडणारे नाही. मेंदूच्या आत, दोन्ही कानशिलांच्या मागच्या अंगाला, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा पुंजका आहे. त्याला अमिग्डला म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बदाम असाच आहे. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्यासारखा दिसणारा भाग असतो. घटना कोठे घडली, केव्हा घडली, तिच्या आधी काय आणि नंतर काय, ही जुळणी या दुसऱ्याची. तिचे भय किती, दुःख किती, हा शिक्का मारण्याचे काम मुख्यतः पहिल्याचे. एकाला कारकून म्हणावे आणि दुसऱ्याला पहारेकरी. पहारेकरी कारकुनाच्या आधी जागा होतो. दारावर थाप पडली की कोण आले हे कळण्यापूर्वीच छाती धडधडू लागते ती त्यामुळे.

यापुढची हकीकत मला अधिक मनोरंजक वाटते. भयाच्या वा दुःखाच्या क्षणी मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात उतरते आणि हृदय वेगाने धावू लागते. हे द्रव्य रक्तातून सरळ मेंदूत शिरू शकत नाही. परंतु छातीपोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूवाटे त्याची वर्दी वर पोचते, आणि तेथे अमिग्डला त्या घटनेवर ‘जपून ठेवा’ असा शेरा मारते. म्हणजे कोणती आठवण पक्की करावयाची याविषयीचा हुकूम काही अंशी गळ्याखालून येतो. १९९४ साली अमेरिकेत लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांचे सहकारी यांनी याचा एक सुंदर पडताळा घेतला. त्यांनी काही लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. आईबरोबर जाणाऱ्या मुलाला रस्त्यात अपघात होतो, त्याला रुग्णालयात नेतात, अशी ती गोष्ट. हीच चित्रे दाखवून दुसऱ्या काहींना एक साधी, नीरस हकीकत सांगितली. काहींना आधी प्रोप्रानोलॉल दिले होते. रक्तदाबासाठी आणि हृदयाच्या धडधडीसाठी वैद्य जे औषध देतात, तेच. आठवड्याने विचारले तेव्हा, औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग विशेष ठळकपणे आठवत होता. औषध घेतलेल्यांना नीरस हकीकत इतरांइतकीच आठवत होती, पण अपघाताची ती विशेष खूण त्यांच्या मनातून पुसल्यासारखी झाली होती. ॲड्रेनलिनची हाक थोपविली, तर दुःखाची धार बोथट झाली.

आणि हा व्यवहार एकाच दिशेने चालत नाही. १९९२ साली हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात त्यांना आपल्याला संताप आणणारा पूर्वीचा एखादा प्रसंग आठवून सांगावयास लावले. केवळ आठवून सांगावयास. समोर शत्रू नाही, भांडण नाही. तेवढ्याने त्यांच्या हृदयाची रक्त बाहेर लोटण्याची शक्ती मोजता येईल इतकी घटली. जपानी वैद्यांनी १९९० साली एका विकाराचे वर्णन केले. आप्ताचा मृत्यू किंवा असाच एखादा जबरदस्त धक्का बसला असता हृदयाचा खालचा भाग फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. रक्तवाहिन्या तपासाव्या तर त्या मोकळ्या. आठपायी माशाला पकडण्याच्या जपानी मडक्याचे नाव त्यांनी या विकारास दिले, ताकोत्सुबो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सुधारतात. काही सुधारत नाहीत.

हे वाचून हृदयातच आठवणी साठविलेल्या असतात, दुसऱ्याचे हृदय बसविलेल्या रुग्णास दात्याच्या आवडीनिवडी आठवू लागतात, वगैरे जे काही उत्साही लोक सांगत असतात त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पुरावा म्हणता येईल असे त्यात मला काही दिसले नाही. हृदय आठवत नाही. त्याला आठवणीची बातमी लागते, आणि कित्येकदा ती आपल्याआधी लागते.

ही गोष्ट कालिदासाला ठाऊक होती. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शापामुळे सारे विसरलेला आहे. शकुंतला कोण हे त्याला माहीत नाही. अशा वेळी आतून हंसपदिकेचे गाणे त्याच्या कानी येते आणि तो अकारण व्याकुळ होतो. प्रिय माणसाचा विरह नसताना हे काय होते आहे, हे त्याचे त्यालाच कळत नाही. मागल्या जन्मीचे काही असावे असे तो स्वतःचे समाधान करून घेतो. कारकून झोपलेला, पहारेकरी जागा. पुढे अंगठी सापडते आणि कारकूनही जागा होतो. (ती अंगठी आणणाऱ्या गरीब कोळ्याला राजाचे शिपाई चोर समजून बदडतात. आपल्या वाङ्मयातील पोलीस चौकशीचा तो फार जुना नमुना असावा. पण हे विषयांतर झाले.) जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या वैद्याने १९११ साली अशीच एक हकीकत प्रसिद्ध केली. त्याची एक रुग्ण नवी कोणतीही गोष्ट लक्षात ठेवू शकत नसे. त्याने एकदा हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे तिला तो प्रसंग आठवेना, परंतु त्याने हात पुढे केला की ती आपला हात मागे घेई.

आता ज्या प्रसंगासाठी ही लेखणी हाती घेतली त्याकडे वळतो. तो आमच्या वडोदऱ्याचा आहे, आणि येथील मराठी घरांत त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत गेले. कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनला शिकून १९१७ साली ते करारानुसार संस्थानची नोकरी करण्यास येथे आले. वय सव्वीस. राजाने बोलाविलेल्या या विद्वानाला राजाच्या शहरात राहावयास खोली मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदाराने त्यांना ठेवून घेतले. अंगात सदरा-कस्ती नाही हे त्याने ओळखलेच होते; पण दुसरे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून वहीत पारशी नाव लिहून दोघांनी ती अडचण भागविली. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला ओसाड दिवाणखाना, कंदिलाचा उजेड आणि वटवाघळे. दिवसा हिशेब खात्यात काम, रात्री पुस्तके. मुंबईहून सामान घेऊन आलेला त्यांचा भाचा ती जागा पाहून इतक्या मोठ्याने रडू लागला की त्याला तसाच परत धाडावा लागला.

अकराव्या दिवशी सकाळी, ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करण्यासाठी ते उचलीत असताना जिन्यावर पावले वाजली. लाठ्या घेतलेले डझनभर संतप्त पारशी वर आले. तू कोण, पारशी नाव घेण्याची तुझी छाती कशी झाली, ही जागा तू विटाळलीस, असा प्रश्नांचा आणि शिव्यांचा भडिमार झाला. संध्याकाळपर्यंत जागा सोड असे बजावून ते गेले. आंबेडकर दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल असे म्हटले. त्यातला अर्थ त्यांना समजला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आताच्या सयाजी बागेत, बसून काढले. आईवडिलांची आठवण येत होती असे ते लिहितात. आठ वाजता गाडी करून ते विश्रामगृहावर सामान घेण्यास गेले. रखवालदार बाहेर आला. दोघांपैकी कोणालाही बोलता आले नाही. पैसे चुकते झाले आणि ते निघाले.

हे सारे त्यांनी लिहिले ते सुमारे अठरा वर्षांनी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात. ते प्रसिद्ध झाले त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात ते लंडनची सर्वोच्च पदवी घेऊन आले होते, बॅरिस्टर झाले होते, महाडचा सत्याग्रह झाला होता, गोलमेज परिषदा गाजल्या होत्या, पुणे करार झाला होता. अशा मनुष्याने लिहिले आहे की, लाठ्या घेऊन समोर उभी असलेली ती माणसे आणि त्यांच्यापुढे दयेची याचना करीत उभे असलेले आपण हे दृश्य अठरा वर्षांतही पुसट झालेले नाही. ते आजही जसेच्या तसे दिसते, आणि आठवताना डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही. पुरावे तोलणारा, भावनेला सहसा वाव न देणारा असा हा लेखक. त्याचे हे एक वाक्य मी मध्यवर्ती ग्रंथालयात प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

वकील म्हणून एक शंका मला स्वतःलाच घ्यावीशी वाटते. ठळक आठवण म्हणजे अचूक आठवण नव्हे. १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे चॅलेंजर यान आकाशात फुटले. ही बातमी आपल्याला कशी कळली हे उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्याच ४४ जणांना पुन्हा विचारले. त्यांपैकी एक चतुर्थांश लोकांचे दुसरे उत्तर पहिल्याशी कोठेही जुळत नव्हते. परंतु आपले बरोबर आहे याविषयी त्यांची खात्री मात्र दांडगी होती. पुढे २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की, पक्की झालेली भयाची आठवणही पुन्हा जागविली असता काही काळ मऊ पडते आणि ती नव्याने बसवावी लागते. मनुष्याचेही असेच होत असेल, तर शंभरदा सांगितलेली आठवण शंभरदा हाताळलेली असते. साक्षीदारांविषयीचा माझा अनुभव याला दुजोरा देतो.

मग त्या लाठ्या डझनभरच होत्या का, की दहा होत्या? मला वाटते, हा प्रश्न विचारता येतो पण त्याने काहीच साधत नाही. हत्यार समोर आले की दृष्टी हत्यारावरच खिळते आणि धरणाऱ्याचा चेहरा निसटतो, हे साक्षीपुराव्याच्या शास्त्रात आता मान्य झालेले आहे. लाठ्या दिसल्या, भडिमार ऐकू आला, जीव मुठीत धरून आपण उभे होतो, एवढे ज्या शरीराने नोंदविले त्या नोंदीला उलटतपासणी लागू होत नाही. डोळ्यांतले पाणी हा अठरा वर्षांनी दिलेला जबाब नव्हता. तो सकाळच्या त्याच क्षणाचा पुढचा भाग होता.

मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. त्या डझनभर माणसांपैकी एकानेही कोठे काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. ते घरी गेले असतील, जेवले असतील. विटाळाची ही रीत त्यांनी शिकली कोणाकडून, हे सांगण्याची आवश्यकता आहे काय? ती आमच्याकडूनच. आणि तो हिंदू मित्र! त्याने तर हात उगारला नाही, आवाज चढविला नाही. बहुधा मृदू स्वरात, थोड्या संकोचाने, नोकरांवर हवाला ठेवून तो एक वाक्य बोलला. ते बोलताना त्याची नाडी काही जलद चालली नसेल, म्हणून त्याच्या मेंदूला ते जपून ठेवण्याचे कारण पडले नाही. ज्याला ते ऐकावे लागले त्याच्याकडे ते जसेच्या तसे राहिले. वडोदऱ्यातील जुन्या घरांत मी पुष्कळांना विचारून पाहिले आहे. तो मित्र कोणाचा आजोबा, पणजोबा, कोणालाही ठाऊक नाही. तशी बखर कोणत्याच घरात नसते.

आपल्या धर्मग्रंथांना आपण स्मृती म्हणतो. आम्हा वकिलांचा तो जुना कायदा. कमाठी बागेतील त्या संध्याकाळनंतर दहा वर्षांनी, १९२७ च्या २५ डिसेंबरला, महाडला त्यांतली एक स्मृती जाळली गेली. त्याने आपल्यापैकी अनेकांची मने दुखावली, आणि ते दुखणे आजतागायत सांगितले जाते. बागेतली संध्याकाळ कोणी सांगत नाही.

वाचकांपैकी काहीजण म्हणतील, शंभरावर वर्षे लोटली, आता हे उकरून काय मिळवावयाचे? उत्तर आपल्याच घरात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली. कुट्ठाळीहून श्रीमंगेश आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली. मंगेशाचे स्थलांतर परंपरेने १५६० सालचे मानतात. साडेचारशे वर्षे उलटली. तरी रात्रीच्या अंधारात पालखी जुवारीच्या पाण्यातून कशी नेली, हे आपल्या घरांतून सांगताना सांगणाऱ्याचा कंठ आजही दाटतो. आपल्याला हाकलले गेले, देवाला घेऊन पळावे लागले, पलीकडच्या तीरावर कोणी आसरा दिला, हे आपण विसरलेलो नाही. आणि ते विसरा असे आपल्याला कोणी सांगितले तर आपण ते ऐकून घेणार नाही. ज्या प्रसंगी आपण हजर नव्हतो, आपले आजोबाही नव्हते, त्या प्रसंगाने आपली छाती धडधडते. मग सयाजी बागेच्या बाबतीत शंभर वर्षे फार झाली हा हिशेब कोठला?

माझी आई गोव्याची. लग्न होऊन वडोदऱ्यास आली त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ झाला. अलीकडे तिची स्मृती गेली आहे. मला ती कधी ओळखते, कधी माझे वडील समजते. मराठी आणि गुजराती दोन्ही सुटत चालल्या. उरली ती कोंकणी. गेल्या कार्तिकी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून निघणारी पालखी, जिला येथे वरघोडो म्हणतात, ती पाहण्यासाठी तिला खुर्चीवर बसवून रस्त्याच्या कडेला नेले होते. गर्दीत पालखी हेलकावे खात येताना दिसली. आईने माझे मनगट इतक्या जोराने धरले की नखे रुतली. “पालखी सांबाळात रे, उदक चडलां!” ती ओरडली. पालखी सांभाळा, पाणी चढले आहे! रस्ता कोरडा होता. तिच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली पाखरासारखी उडत होती. लहानपणी तिच्या आजीने सांगितलेली ती रात्र तिच्या अंगात घडत होती.

घरी आल्यावर अर्ध्या घटकेत ती पालखी विसरली. कोठे गेलो होतो हेही विसरली. दुःख मात्र गेले नाही. रात्रीपर्यंत ती डोळे पुशीत होती, आणि का हे तिला सांगता येत नव्हते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१० साली हेच आढळले होते. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना एक करुण चित्रपट दाखविला. थोड्याच वेळात त्यांना चित्रपट आठवेना, पण विषण्णता तशीच राहिली. तेव्हा वृद्धांच्या बाबतीत ‘तिला कोठे आठवणार आहे’ असे म्हणून जे आपण त्यांच्यासमोर वाटेल ते बोलतो, त्याचा हिशेब कोठे तरी राहत असतो.

संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी काहीबाही वाचून दाखवतो. अर्थ तिला किती कळतो कोणास ठाऊक, आवाज आवडतो. या लेखासाठी बागेचा प्रसंग पुन्हा वाचीत होतो, तो एके दिवशी सहज कोंकणीत सांगत गेलो. लाठ्या, दोन मित्र, बागेतले पाच तास, रात्रीची गाडी. नाव सांगितले नाही, साल सांगितले नाही. ती छतांकडे बघत होती. ऐकते आहे असे वाटले नाही. मी पुस्तक ठेवून उठलो तेव्हा तिने माझा हात धरला.

“आनी तो जेवलो खंय?” तिने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. गोष्ट तोवर ती विसरली होती. कोण, कोठला, काहीच तिला सांगता येईना. पण कोणीतरी उपाशी निघून गेले आहे एवढे तिच्यापाशी उरले होते, आणि रात्री ताट पुढे आले तेव्हा तिने त्यातला अर्धा भात बाजूला काढून ठेवला.